दहा तासांचं तेल

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, बायकापोरं आहेत का तेही विचारलं नाही. ते सरळ माझ्या स्कूटरजवळ जाऊन उकिडवे बसले, तेल बघायची काडी बाहेर काढली, खिशातून टीपकागदाचा एक तुकडा काढला आणि त्यावर तेलाचा एक थेंब टाकला. मग काडी स्वतःच्या लुंगीला पुसून परत जागेवर बसवली.

"सकाळी ये," म्हणाले.

मी भूमापन खात्यातला मोजणीदार. कऱ्हाडकडून बदली होऊन धामापूरच्या अलीकडच्या त्या गावात नुकताच आलो होतो आणि मला डोक्यावर छप्पर हवं होतं. ती रात्र कुडाळच्या लॉजवर काढून मी सकाळी पुन्हा हजर झालो. ते खळ्यात, म्हणजे अंगणात, उन्हाला बसून तो कागद न्याहाळत होते.

"सात म्हयने तेल बदलूक नाय तू."

"सहा," मी म्हणालो.

"सात."

नंतर मी गॅरेजची चिठ्ठी शोधून पाहिली. सातच होते. पण खोली त्यांनी दिली. "एका म्हयन्याचाच खोटा बोललंस," ते म्हणाले, "लोक वर्साचा बोलतत." अशा रीतीने मी त्यांचा भाडेकरू झालो, जेवायलाही त्यांच्याकडेच, आणि चार वर्षं राहिलो. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला, माझी कामावरची इज्जत न बघता, मोजणी म्हणायचे.

काका बोटीवर होते. इंजिनरूममध्ये तेलवाला म्हणून चढले आणि पस्तीसेक वर्षांनी, जवळजवळ तेलवालाच राहून, उतरले. बोटीवरची माणसं गावी परत येताना घड्याळं, रेडिओ, घोंगड्या आणतात. काकांनी एक वेड आणलं. कुठल्याशा स्पॅनिश बंदरात बोट लागली असताना त्यांनी एका रविवारी डोंगरावर माणसं मोटरसायकलनं खडकांवर चढताना पाहिली. शर्यत नाही, वेग नाही. माणसाच्या चालीपेक्षाही हळू, दगडावरून दगडावर, तोल सांभाळत, आणि पाय जमिनीला लागला की गुण गेले. काका संध्याकाळपर्यंत तिथेच बसून राहिले आणि बोटीवर परतायला उशीर केल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. ती शिक्षा काय होती ते त्यांना आठवत नसे. दगड मात्र एकेक आठवत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गोव्यातून कुणाकडून तरी तशीच एक जुनी गाडी मिळवली. फोर-स्ट्रोक, हाडकुळी, बसायला सीट नाही, दिवा नाही, आरसा नाही. गावातले लोक बघायला आले आणि चहा पिऊन गेले. जाताना एक जण म्हणाला, "काका, उरलेली गाडी कधी येतली?"

दिवा नसलेल्या गाडीला रस्त्यावर परवानगी कशी मिळणार? काकांनाही ती नको होती. त्यांना हवी होती ती घरासमोरच्या रस्त्यापलीकडे, सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, असलेली बंद पडलेली चिरेखाण. जांभ्याचे चिरे कापून नेल्यावर तिथे गुडघाभर, कमरेभर, छातीभर उंचीच्या पायऱ्याच पायऱ्या उरल्या होत्या, जणू स्पेनहून मागवून घेतलेल्या. तिथे जायला मध्ये डांबरी रस्ता लागे. काका रस्त्याच्या कडेला इंजिन बंद करत, उतरत, दोन्हीकडे बघत आणि गाडी हातानं ढकलत पलीकडे नेत. बारा पावलांचा तो रस्ता. वाहन दिसत नसलं तरी ढकलत. मालवणला निघालेले पर्यटक गाडी थांबवून विचारत, आजोबा, पेट्रोल संपलं का? काका म्हणत, "पेट्रोल आसा, परवानगी नाय."

आता तेलाचं. हे सांगितल्याशिवाय काका कळणार नाहीत, म्हणून वाचणाऱ्यानं थोडं सोसावं.

साध्या गाडीचं तेल किलोमीटरवर बदलतात. पण खाणीतल्या खाणीत पायऱ्या चढणारी गाडी सकाळभरात किलोमीटर तरी किती करणार? इंजिन मात्र तेवढा वेळ तापत असतं, क्लच रगडला जात असतो, वारा लागत नसतो. त्यात पोटात तेल किती, तर अर्ध्या लिटरहून थोडं जास्त. "बोटीच्या इंजिनात बावडीभर तेल," काका सांगत, "हिच्यात तांब्याभर. तांब्याभर तेलाक किती राबवतलंस?" म्हणून या गाडीचं तेल तासांवर बदलायचं. किती तासांनी, यावर म्हणे जगात मतभेद आहेत. कुणी वीस म्हणतं, शर्यतवाले पाच म्हणतात. काकांचे दहा. साडेनऊ नाहीत, साडेदहा नाहीत. आमच्याकडे येणारे लोक "दर दिवाळीला बदलतो" असं काही बोलले की काकांचा चेहरा असा होई की जणू तो माणूस दर दिवाळीला दात घासतो.

बदलताना जुन्या तेलाचा एक थेंब टीपकागदावर पडे. बागेतल्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, गाडी ठेवायची जागा होती. तिथे दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी असे शेकडो कागद टांगलेले. थेंब पसरून वाळला की मध्ये गडद ठिपका, भोवती फिकं वर्तुळ, त्याभोवती आणखी फिकं. त्यावरून काका इंजिनाची प्रकृती सांगत. त्याला ते कुंडली म्हणत. पुतणीला बघायला मुलगा आला तेव्हा आत पोहे चालू असताना काका बाहेर जाऊन त्याच्या मोटरसायकलची कुंडली काढून आले. "पोरगो बरो आसा," त्यांनी आत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "पण गाडयेर हात फिरवणारो न्हय."

तेव्हा काकी, म्हणजे त्यांची पत्नी, पहिल्यांदा माझ्यादेखत बोलल्या. "माका ह्या घरात दिल्यानी तेवा कोणी तेल बघल्यान?" त्या म्हणाल्या आणि पोह्यांवर आणखी खोबरं घालून गेल्या. लग्न झालं. तो जावई अजूनही सासुरवाडीला येण्याच्या आदल्या दिवशी तेल बदलतो.

मूळ मुद्दा असा की गाडीला तास मोजायचं यंत्र नव्हतं. हातातलं घड्याळ काकांच्या कामाचं नव्हतं, कारण दगडावर चढताना निघालो किती वाजता हे त्यांच्या डोक्यातून पार जाई. ते यंत्र काकी होत्या. पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. खाण घरासमोर, आवाज स्वयंपाकघरात स्पष्ट येई. इंजिन सुरू झालं की काकी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, थांबलं की पुन्हा बघत, आणि दर अर्ध्या तासाला दाराच्या मागच्या बाजूला खडूनं एक रेघ मारत. वीस रेघा झाल्या की जेवताना जाहीर करत, "धा झाले." काका मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेल बदलत. मग काकी ओल्या फडक्यानं रेघा पुसत.

मी आपला शहाणपणा दाखवायला गेलो. म्हटलं, काका, असं यंत्र मिळतं, मोबाईलवरून मागवता येतं, काड्यापेटीएवढं. त्यांनी मला खाली बसवलं.

"मीटर तास सांगतलो," ते म्हणाले. "पण इंजिन मधीच बंद पडला तर मीटर माणूस धाडतलो काय?"

कारण काकी नुसते तास मोजत नव्हत्या. आवाज मध्येच तुटला की त्या शंभर आकडे म्हणत. शंभरपर्यंत इंजिन पुन्हा सुरू झालं नाही तर शेजारच्या काजूच्या बागेतल्या गड्याला हाक मारत, नाहीतर पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः निघत. काका फोन घरीच ठेवून जात. तो वाजला की पाय जमिनीला लागतो, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांत ते पुष्कळदा पडले, पण दहा मिनिटांच्या वर एकटे कधी पडून राहिले नाहीत. सत्तरीला आलेला माणूस छातीभर उंचीच्या चिऱ्यावर बिनधास्त गाडी घालायचा, तो या भरवशावर.

माझ्या तिसऱ्या वर्षी तेल काळं यायला लागलं.

दाराच्या मागे वीस रेघा पूर्ण, आणि टीपकागदावर कोळसा. फिकं वर्तुळ नावाला नाही. काकांनी तो कागद माझ्यासमोर धरला तेव्हा घरात कुणाला असाध्य काही निघावं तसा त्यांचा आवाज झाला होता. पुढच्या दहा तासांनीही तेच. त्याच्या पुढच्याही.

मग तपास सुरू झाला. आधी तेलवाला. कुडाळच्या दुकानात जाऊन काका दोन तास काउंटरपाशी उभे राहिले. दुकानदार म्हणाला, काका, डब्याचा सील तुमीच फोडलात ना? मग पेट्रोल. मग हवेची जाळी. मग क्लच उघडला, त्याच्या चकत्या खळ्यात पापडांसारख्या वाळत घातल्या, आणि त्यात काही सापडलं नाही. शेवटी एका संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"मोजणी, मी नसताना तू गाडी काढतंस काय?"

मला हसावं की रडावं कळेना. ती गाडी किकनं सुरू करायला गेलो होतो तेव्हा तिनं माझी पोटरी फोडली होती. पण त्यांचा हिशोब बिनचूक होता. तेल दहा तासांत एवढं काळं होत नाही, म्हणजे इंजिन दहापेक्षा जास्त चाललंय. जास्त चाललंय, म्हणजे मोजले न गेलेले तास आहेत. मोजले न गेलेले, म्हणजे चोरून चाललेले. चोर घरातलाच, आणि घरात परका मी एकटाच. मोजणारीच्या हातून काही सुटत असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याकडे जेवायला गेलो नाही, आणि बाहेरचं खाऊन पोट बिघडवून घेतलं.

खरं तर मलाही कळायला हवं होतं. त्यांच्याकडे भात अलीकडे गोळा होत होता. काकींचा भात पूर्वी असा नसे. कुकर शिट्यांमागून शिट्या देई आणि काकी ओट्याकडे पाठ करून खोबरं किसत राहत. मांगरातून काकांनी हाक मारली तर त्या जागच्या हलत नसत, आणि काका म्हणत, रागावली असतली. आम्ही दोघंही मोजमापावर जगणारी माणसं, आणि तो गोळा भात वर्षभर आमटीत कालवून खात राहिलो.

एक दिवस मी शेताची एक मोजणी आटपून पाचच्या सुमारास घरी आलो. काकी मागच्या पडवीत फणस फोडत होत्या. काका कुठायत, मी जवळ जाऊन विचारलं.

"मांगरात आसतले. आज गाडी काढूक नाय," त्या म्हणाल्या.

मांगर रिकामा होता. मी रस्ता ओलांडून पळत खाणीत गेलो. काका एका चिऱ्याला टेकून बसले होते, डावा पाय गाडीखाली, पायाजवळ सांडलेल्या पेट्रोलचा डाग. दोन तास तसे बसून होते. मी गाडी उचलली. घोटा टम्म सुजला होता, हाड वाचलं होतं.

काका घराच्या कौलांकडे बघत होते.

"तिना कोणाक धाडूक नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, काकी म्हणाल्या तुम्ही आज गाडीच काढली नाही.

काकांनी गार पडलेल्या इंजिनावर हात ठेवला. मग म्हणाले, "तिका आयकाक येणा नाय रे." आणि थोड्या वेळानं, "किती म्हयने झाले असतले. आणि मी तेलाक शिव्यो घालतंय."

तसा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्यांना धरून उठवलं.

रस्त्याच्या कडेला मी गाडी टेकवली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. "तिका सांगू नको. मी कुडाळाक गेल्लंय, यस्टीतसून उतरताना पाय मुरगाळलो. कळला?"

"पण काका, कान दाखवायला नको?"

"मोजूचा काम तिचा आसा," ते म्हणाले. "ता मी तिच्याकडसून काढून घेऊचंय नाय. तिना आपणहून सांगल्यान तर बघूया."

मी खोटं बोललो, चांगलं मोठ्यानं आणि समोर उभं राहून. काकींनी ऐकून घेतलं, "असा काय" म्हणाल्या आणि घोट्याला लेप लावायला बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काका लंगडत लंगडत माझ्या स्कूटरचं तेल बदलत होते. माझ्यावरच्या संशयाबद्दल एवढीच क्षमा मागितली गेली. मीही विषय काढला नाही.

घोटा आठवड्यात उतरला, पण गाडी मांगरातून निघाली नाही. काकांनी तिच्यावर गोणपाट टाकलं. विचारलं तर म्हणत, गुडघे दुखतत. कधी म्हणत, खाणीत साप दिसलो. कधी म्हणत, वय झाला. एका माणसाला एकाच आठवड्यात गुडघे, साप आणि वय असं तिन्ही होतं का? पण चेष्टा करायचं धाडस मला झालं नाही. ते सकाळभर खळ्यात बसून सुपाऱ्या सोलत. दाराच्या मागे सात रेघा होत्या, त्या सातच राहिल्या. काकी जेवताना दाराकडे बघत आणि काका ताटाकडे.

त्या रविवारी मी आंघोळीचं पाणी काढत होतो तेव्हा मांगराच्या दारात काकी उभ्या दिसल्या. अंगावर बाहेर जायचं लुगडं, आणि हातात स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं घड्याळ, खिळ्यावरून काढलेलं. काका आत कागद आवरत होते.

"पँटीक जांभ्याची माती होती," काकी म्हणाल्या. आवाज जरा मोठा, स्वतःचाच नीट न ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा. "कुडाळच्या स्टँडार जांभो खंय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी बादलीत बघितलं.

"भात गोळा होता ता माका कळता," काकी पुढे म्हणाल्या. "वर्स झाला. पयलो कुकर गेलो, मगे तुमची हाक गेली. गाडयेचो आवाज तेवढो येय होतो, म्हणान गप रवलंय. म्हटलंय, एवढो येता तोपर्यंत चलात. आता तोय येणा नाय." त्यांनी घड्याळ पदरानं पुसलं. "अंदाजान रेघो मारलंय मी. चुकलंय. तुमी थंय एकटे पडून रवलात."

काका पुढे झाले आणि काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही. काकींनाही आलं नसणार. त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं.

"डॉक्टराकडे उद्या जावया. आज गाडी काढा."

मी ओल्या अंगावर सदरा चढवला आणि मागोमाग गेलो. काकांनी गोणपाट काढलं. रस्त्याच्या कडेला उतरून त्यांनी दोन्हीकडे पाहिलं, गाडी ढकलली. काकी घड्याळ पोटाशी धरून मागून चालत होत्या. खाणीत त्या एका चिऱ्यावर बसल्या, घड्याळ मांडीवर उभं केलं आणि पदर खोचला. इतक्या वर्षांत त्या तिथे फक्त पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या होत्या. बसून बघायला पहिल्यांदाच आल्या होत्या.

काकांनी किक मारली. गुडघाभर चिरा चढले. कमरेचा चढले. बायको बघतेय म्हणून असेल, गरज नसताना छातीभर उंचीच्या चिऱ्याकडे वळले. पुढचं चाक वर गेलं, मागचं घसरलं, आणि गाडी एकीकडे, काका दुसरीकडे. इंजिन बंद पडलं.

मी धावणार तोच काकींनी न बघता माझ्या सदऱ्याचं टोक धरलं. काका उताणे पडले होते. त्यांनी मान वळवली, ती घराच्या कौलांकडे नाही, काकींकडे.

काकींनी घड्याळावर नजर टाकली, मग काकांवर.

"बघतंय मी," त्या म्हणाल्या. "उठा आता."